अविश्वास ठराव

कोरं पान धोकादायक असतं हे लिहिणाऱ्या माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण तसं अधिकृतपणे कळवणारा मला पहिला भेटला तो एक सर्व्हर. त्याच्यावरचा इंटरनेट एक्सप्लोरर उघडला, पत्त्याच्या चौकटीत 'अबाउट:ब्लँक' होतं, आणि लगेच पडद्याच्या मधोमध सूचना उभी राहिली : खाली दिलेल्या संकेतस्थळावरचा मजकूर 'एन्हान्स्ड सिक्युरिटी कॉन्फिगरेशन'ने अडवला आहे. खाली दिलेलं संकेतस्थळ कोणतं? तर अबाउट:ब्लँक. ज्या पानावर मजकूरच नाही त्याचा मजकूर अडवला होता. खाली दोन बटणं. 'अॅड' दाबलं तर ते पान भरवशाच्या स्थळांच्या यादीत जाणार, 'क्लोज' दाबलं तर आपण घरी जाणार. मी कोऱ्या पानावर भरवसा ठेवला. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला याहून धाडसी भरवसे ठेवावे लागतात. 'बिल सोमवारी नक्की' हा त्यातलाच एक.

सर्व्हर गावातल्या एका पतसंस्थेचा. लेखापरीक्षकांनी शेरा मारून ठेवला होता : 'संगणक प्रणाली अद्ययावत नाही. पूर्तता करावी.' पतसंस्थेत हप्ते थांबतात, वसुली थांबते, एखाद्या उन्हाळ्यात छत गळायचंही थांबतं. शेरा थांबत नाही. मॅनेजरसाहेबांचा मला फोन आला.

"अपडेट म्हणजे काय ते तुमचं तुम्ही बघा. पण शुक्रवारी चारला संचालक मंडळाची सभा आहे, त्याच्या आत करा."

"एवढ्यात होईल असं सांगता येत नाही."

"झालंय ओ. इतिवृत्तात 'पूर्तता करण्यात आली' असं टाइप करून ठेवलंय आधीच."

हा सर्व्हर म्हणजे संस्थेतली सगळ्यांत महागडी वस्तू, असं विकणाऱ्याने खरेदीच्या वेळी सांगितलं होतं. ते ऐकून मंडळाने रीतसर ठराव केला आणि त्याला स्ट्राँगरूममध्ये ठेवलं. तेव्हापासून तो तिजोरी, सोनेतारणाच्या पुड्या आणि जुन्या व्हाउचरची गाठोडी यांच्या सहवासात आहे. भिंती इतक्या जाड, की मोबाइलची रेंज उंबऱ्याच्या आत येत नाही. दाराला किल्ल्या दोन. एक मॅनेजरसाहेबांच्या खिशात, एक कॅशियर बाईंच्या पर्समध्ये. दोघं एकत्र आल्याखेरीज दार उघडत नाही. नियम उत्तम आहे, चोरांनीही तो मान्य केलेला आहे. पंचाईत माझी झाली. सर्व्हरवर काही अडलं की त्याचा अर्थ शोधायला मला मोबाइल घेऊन रस्त्याकडच्या खिडकीशी जायचं होतं, आणि आत परतायला दोन किल्ल्या गोळा करायच्या होत्या. मी बाहेर पडलो की मॅनेजरसाहेब दार लावून घेत.

"तुमच्यावर विश्वास आहे ओ. पण आत सोनं आहे."

"मग उघडं ठेवा आणि मामांना दारात बसवा."

"मामांवर पण विश्वास आहे," असं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. शिपाई मामा स्टुलावर बसल्या बसल्या कौतुकाने हसले.

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ला अपडेट करायला खरं तर ब्राउजर लागत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, 'चेक फॉर अपडेट्स' म्हणायचं, हिरवी पट्टी पळताना बघायची. मी बघितली. चहा आला, कप परत गेले, बाईंनी दुपारचा कॅश टॅली केला, पट्टी पळतच होती. अशा वेळी हुशार माणसं संयम ठेवतात. मी धंदेवाईक असल्यामुळे म्हटलं, अपडेटांच्या कॅटलॉगमधून फाइल आपणच उतरवून घेऊ. पेनड्राइव्हवर घालून आणता आली असती, पण संस्थेत पेनड्राइव्हला सक्त मनाई आहे. तसा फलक दारावर लावलाय. छापून मीच दिला, लॅमिनेशनसकट.

म्हणून ब्राउजर, आणि म्हणून तो कोऱ्या पानाचा प्रसंग.

या व्यवस्थेचं तत्त्व सरळ आहे. इंटरनेट एक्सप्लोरर सगळ्या जगाची चार भागांत वाटणी करतो : इंटरनेट, लोकल इंट्रानेट, भरवशाची स्थळं आणि निषिद्ध स्थळं. घरच्या कॉम्प्युटरवर 'इंटरनेट' या भागाला जरा सवलत असायची. सर्व्हरवर तिथे सुरक्षेचा काटा थेट 'हाय'वर. स्क्रिप्ट चालणार नाही, फाइल उतरणार नाही. बनवणाऱ्यांनी स्वतःची दोन-चार स्थळं यादीत आधीच घालून ठेवली होती, नेमकी मला हवी ती सोडून. यात मी त्यांना दोष देत नाही. आमच्या गावातल्या कुठल्याही लाभार्थी यादीचं हेच आहे.

मी कॅटलॉगचा पत्ता यादीत घालायला गेलो. उत्तर आलं, इथे घालायच्या स्थळांना 'एचटीटीपीएस' असणं आवश्यक आहे. मी एस लावला. पान उघडलं, पण अर्धं. अक्षरं एका पत्त्यावरून येत होती, चित्रं दुसऱ्या, बटणांमागची कळसूत्रं तिसऱ्या, आणि मी कुठून आलो याची नोंद ठेवणारं कुणीतरी चौथ्या. प्रत्येकासाठी स्वतंत्र सूचना. अॅड. अॅड. अॅड. शेवटी आपण कुणावर विश्वास ठेवतोय हे वाचायचं मी सोडून दिलं आणि नुसत्या बटणाच्या जागेवर बोट ठेवून बसलो. नेमका त्याच वेळी मॅनेजरसाहेब खांद्यावरून वाकले.

"हे काय चाललंय?"

"सुरक्षा."

"छान. नीट वाचून करताय ना?"

"हो," मी म्हणालो आणि अॅड दाबलं.

त्या सूचनेत खाली एक चौकोन असतो : 'मजकूर अडवल्यावर मला असंच विचारत राहा.' कंटाळून मी त्यातली खूण काढली. खूण काढल्यावर तो विचारायचा थांबतो, अडवायचा थांबत नाही. असा एक माणूस संचालक मंडळातही आहे, असं बाई हळूच म्हणाल्या.

शेवटी कॅटलॉग दिसला, हवी ती फाइल दिसली, 'डाउनलोड' हा शब्द दिसला. दाबला. काही झालं नाही. हे बटण नवी छोटी खिडकी उघडतं आणि छोट्या खिडक्या अडवणारा अधिकारी वेगळा असतो, हे खिडकीशी जाऊन कळलं. दोन किल्ल्या. त्याला समजावलं. मग फाइलच्या नावावर टिचकी मारली, तर शेवटचं वाक्य आलं : तुमच्या सध्याच्या सुरक्षा व्यवस्थेनुसार ही फाइल उतरवता येणार नाही. फाइल कसली? सुरक्षेची. लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाकडेच आमंत्रणपत्रिका मागावी, तसला प्रकार. सर्व्हर धोक्यात आहे म्हणून औषध आणायचं, आणि औषध बाहेरून येतंय म्हणून तेच धोक्याचं.

दुसरा ब्राउजर घ्यावा, हा विचार प्रत्येकाला सुचतो, मलाही सुचला. पण दुसऱ्या ब्राउजरच्या पानावरचं ते मोठं गोजिरं बटण स्क्रिप्टवर चालतं आणि स्क्रिप्ट बंद. मी ते बराच वेळ दाबत होतो. मामा म्हणाले, "जोरात दाबा की."

आता जरा ही व्यवस्था बनवणाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. सर्व्हरवर बसून इंटरनेट बघायचं नसतं. हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. जानेवारी २००२मध्ये बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या सगळ्यांना पत्र धाडलं, की नवी सुविधा की सुरक्षा असा प्रश्न आला तर सुरक्षा निवडा. वर्षभराने, २५ जानेवारी २००३ला, 'स्लॅमर' नावाचा किडा सुटला आणि एसक्यूएल सर्व्हरच्या एका भोकातून दहाएक मिनिटांत जगभर पोचला. निदान ७५ हजार यंत्रांना लागण झाली, अमेरिकेतल्या एका बड्या बँकेची एटीएम बसली. गंमत अशी, की ते भोक बुजवणारं ठिगळ जुलै २००२मध्येच निघालं होतं. सहा महिने ते तयार होतं. लोक म्हणत होते, 'लावू की निवांत.' त्याच वर्षी विंडोज सर्व्हर २००३ आला, त्याच्यासोबत ब्राउजरवरचा हा पहारा आला, आणि ऑक्टोबरपासून अपडेटांसाठी महिन्यातला दुसरा मंगळवार मुक्रर झाला. आपल्याकडे तोवर रात्र होते, त्यामुळे अमेरिकेच्या मंगळवारची धास्ती आपण बुधवारी घेतो. ते असो. तर पहारा बसवला तो निवांत लोकांसाठी. आणि निवांत लोकांनी पहिलं काय केलं? पहारा कसा उठवायचा ते पाठ केलं.

मलाही पाठ आहे. सर्व्हर मॅनेजर, लोकल सर्व्हर, उजवीकडच्या रकान्यात 'आयई एन्हान्स्ड सिक्युरिटी कॉन्फिगरेशन : ऑन'. त्या 'ऑन'वर टिचकी मारायची. आत दोन गट, अॅडमिनिस्ट्रेटर आणि साधे वापरणारे. साध्यांचं 'ऑन' ठेवायचं आणि आपलं 'ऑफ' करायचं, कारण आपण जबाबदार असतो. हे करताना 'काम झालं की परत ऑन करू' असं मोठ्याने म्हणायची रीत आहे. मीही म्हटलं. मॅनेजरसाहेबांनी ते टिपून घेतलं, कारण त्यांना वाटलं तीही पूर्ततेची एक पायरी आहे.

फाइल उतरली. चालवली. उत्तर : 'हे अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही.'

खिडकी. मामांना बरोबर नेलं, मी वाचणार आणि ते पाटीवर लिहिणार, कारण परत आत गेल्यावर आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत. तर असं होतं, की मला हवं ते अपडेट घालण्याआधी केबी २९१९३५५ घालायचं. ते घालण्याआधी केबी २९१९४४२ घालायचं. ते घातल्यावर 'क्लिअरकॉम्प्रेशनफ्लॅग' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा, मगच २९१९३५५, आणि त्याच्यामागे आणखी पाच, ठरलेल्या क्रमाने. मामा लिहिता लिहिता थांबले.

"म्हंजे अपडेट घ्यायला अपडेट घ्यायचं?"

"हो."

"सातबाऱ्यासारखंच की ओ. फेरफाराचा उतारा पायजे तर आधी सातबारा, आन् सातबारा पायजे तर…"

मी त्यांना पुढचा आकडा सांगितला. कामात राजकारण नको.

शुक्रवारी दुपारी गाडं रुळावर आलं. फाइली उतरल्या, क्रमाने लागू लागल्या, टक्के सरकू लागले. मी इतका निर्धास्त झालो की बाईंनी दिलेला शंकरपाळ्यांचा डबा उघडला. आणि पडदा काळा झाला.

शुक्रवार असल्यामुळे तिजोरीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीला मामांना दिव्यांची माळ लावायची होती. यूपीएसला जागा चारच. त्यातल्या एका जागेवरची वायर मामांना 'रिकामीच' वाटली. तसबीर लखलखत होती. मामा हात जोडून उभे होते.

सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर त्याने आधी चौकशी लावली. विंडोज सर्व्हरला आपण का बंद पडलो हे जाणून घ्यायचं असतं. उत्तर दिल्याशिवाय पुढे सोडत नाही. कारणांची यादी तयार असते आणि त्यात 'पॉवर फेल्युअर : कॉर्ड अनप्लग्ड' हे खरोखर छापलेलं आहे. ते बघून मला गहिवरून आलं. म्हणजे जगात कुठेतरी, कुठल्यातरी मोठ्या कार्यालयातल्या तिजोरीवरही एक तसबीर असणार.

कारण निवडलं. पुन्हा अपडेट. या वेळी लाल अक्षरांत संकेतांक. तो मी दारातून ओरडून सांगितला, मामांनी मोबाइल घेऊन खिडकीशी उभ्या केलेल्या माझ्या पोरापर्यंत पोचवला : शून्य एक्स आठ शून्य शून्य सात दोन एफ आठ एफ. वाटेत एका एफचा 'यस' झाला आणि पोराने कुठल्याशा वॉशिंग मशीनचा दोष वाचून दाखवला. दरम्यान मी ब्राउजर उघडला. कालपासून माझा मित्र झालेला ब्राउजर आता प्रत्येक पानाबद्दल सांगत होता, की या स्थळाचं प्रमाणपत्र एकतर मुदतीबाहेर गेलंय किंवा अजून लागू झालेलं नाही. मी ते वाक्य पुन्हा वाचत होतो तोवर काउंटरवरून आरोळी आली.

"इंजिनियर! जरा पासबुक बघा इकडे!"

पासबुकावर नोंद छापली गेली होती, तारीख १ जानेवारी २०१३.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याहून थोडीशी छोटी, चपटी, सीआर २०३२ नावाची बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं मुख्य काम. ती कधीतरी मेली होती, पण यूपीएस होता म्हणून कुणाला कळलं नव्हतं. वायर निघाली आणि सर्व्हर भूतकाळात गेला. २०१३मध्ये उभं राहून बघितलं तर आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यात दिलेली दिसतात, आणि भविष्यात दिलेल्या कागदावर कुठलाही शहाणा ब्राउजर विश्वास ठेवणार नाही. माणसं ठेवतात.

काउंटरवर तोवर जत्रा जमली होती. एका आजोबांच्या मुदत ठेवीची मुदत सुरू व्हायलाच अजून काही वर्षं होती. "मग व्याज?" "तेच तर म्हणतोय, ठेवलेच नाहीत अजून तुम्ही पैसे," असं क्लार्कच्या तोंडून निघून गेलं, आणि आजोबा मटकन बाकावर बसले. एक जुने थकबाकीदार, ज्यांच्या घरी वसुलीची माणसं जाऊन जाऊन त्यांची आता पावण्यासारखी उठबस होते, नेमके त्याच दिवशी स्वतःहून हप्ता भरायला आले होते.

"तुमचं कर्ज दिसत नाही," क्लार्क म्हणाला.

"दिसत नाही?"

"दिलेलंच नाही अजून."

ते क्षणभर स्तब्ध झाले. मग नोटा परत खिशात घालत म्हणाले, "मग राहू दे. गरज लागली तर सांगतो."

त्यांच्यामागच्या मावशींनी याहून खोल विचार केला होता. "दोन हजार तेरा म्हणताय ना? मग घरात पाचशेच्या जुन्या चार नोटा हायत, घिऊन येऊ का?" आठ नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीत हुकलेली संधी इतक्या दिवसांनी परत आल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बाई कॅशमधून उठून उभ्या राहिल्या.

तारीख मी हाताने बदलली. सगळं क्षणात ठीक झालं, ब्राउजर गोड बोलायला लागला, कर्ज परत दिसायला लागलं (कर्जदार तोवर बस स्टँडपाशी पोचले होते). पण मेलेली बॅटरी तशीच ठेवून पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मॅनेजरसाहेबांना सांगितलं, एक बॅटरी घ्या, चाळीस-पन्नास रुपयांची.

"लगेच घेऊ. तीन दरपत्रकं आणा."

"साहेब, बॅटरी आहे ती."

"हार्डवेअर आहे ना? हार्डवेअरला तीन दरपत्रकं लागतात. तुलनात्मक तक्ता करून खरेदी समितीपुढे ठेवू. समितीची सभा पुढच्या महिन्यात."

"आणि आजची सभा?"

त्यांनी घड्याळ बघितलं. साडेतीन. इतिवृत्त छापून फाइलला लागलेलं होतं. अशा प्रसंगी माणसाची खरी प्रशासकीय कुवत कळते. ते मामांकडे वळले आणि छताकडे बघत म्हणाले, "असली बॅटरी अजून कशात असते?"

"गाडीच्या चावीत असते," मी म्हणालो. "रिमोटवाल्या."

आमच्या तिघांच्याही नजरा चेअरमनसाहेबांच्या केबिनकडे गेल्या. साहेब लवकर आले होते, सभागृहात अध्यक्षीय भाषणाची तयारी करत होते, आणि टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी, चावी होती.

"तासाभरासाठी," मॅनेजरसाहेब म्हणाले. "नोंद नको."

बॅटरी बसवायला सर्व्हर बंद करावा लागला. त्याने पुन्हा कारण विचारलं. यादीत 'हार्डवेअर : मेंटेनन्स, प्लॅन्ड' होतं, तेच मी निवडलं. खाली शेरा लिहायची जागा होती. ती दिसल्यावर मॅनेजरसाहेबांना राहवेना. त्यांनी सांगितलं आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टंकलं : 'मा. लेखापरीक्षक यांच्या शेऱ्यास अनुसरून, मा. चेअरमनसाहेब यांच्या सहकार्याने.' सर्व्हरने ते एका अक्षराची चौकशी न करता स्वीकारलं. ज्याने कोऱ्या पानावर संशय घेतला, त्याने यावर विश्वास ठेवला.

अपडेट सुरू झालं. 'कॉम्प्युटर बंद करू नका' अशी विनंती पडद्यावर आली. ती मी मामांना दोनदा वाचून दाखवली आणि यूपीएससमोर खुर्ची टाकून बसलो. सभा झाली. पूर्तता करण्यात आल्याचं सर्वानुमते नोंदलं गेलं, तेव्हा सर्व्हर ६३ टक्क्यांवर होता. आभार झाले, भजी झाली, चेअरमनसाहेब निघाले, आणि दोन मिनिटांत खालून आवाज आला.

"मामा, ही चावी चालंना झालीय!"

मॅनेजरसाहेब खिडकीतून मागे सरकले. मी खाली बघितलं. साहेब पंचवीस फुटांवरून बटण दाबत होते, मग पाच फुटांवरून, मग काचेला टेकवून. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की रिमोटच्या पोटात एक साधी चावी असते. ती निघाली, कुलपात फिरली, दार उघडलं, आणि मालकच चोर आहे अशी गाडीची पक्की खात्री पटली. भोंगा सुरू झाला. चारही दिवे मिचकायला लागले. पेठेतली दुकानं बाहेर आली. मघाच्या मावशी जुन्या नोटांचा रुमाल घेऊन नेमक्या फाटकात पोचल्या होत्या, त्या "चोर! चोर!" म्हणून ओरडल्या.

चेअरमनसाहेबांनी वर बघितलं. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ७१ टक्क्यांकडे बघितलं. कॅशियर बाई पर्स काखेला लावून खिडकीशी आल्या, सगळा प्रकार नीट पाहिला आणि म्हणाल्या, "हिची दुसरी किल्ली माझ्याकडे नाही हं."